निळी काच

धैदच्या बाजारात तिला जत्त म्हणतात,
आमच्याकडे लसूणघास.
लसणाचा वास नाही तिला, घास मात्र आहे:
उंटांचा, बकऱ्यांचा,
आणि थोडा माझाही,
माझा पगार तिच्याच गठ्ठ्यांतून निघतो.

अबू हुमैदचं वावर पाच हेक्टर.
दर बावीस दिवसांनी कापणी,
पहाटे तीनला, दव असेतो,
पानं झडू नयेत म्हणून.
दोन दिवसांनी पिकअप भरून डांबरीला लागते
आणि मागे राहतात बोटभर खुंट,
ठिबकच्या नळ्या,
मोइनुलची एक चप्पल.

मार्चात पानांच्या कडेने ठिपके आले,
बारीक, पांढरे, कुणी टाचणीने टोचल्यासारखे.
अबू हुमैद म्हणाला, युरिया टाक,
शेजाऱ्याचं चार दिवसांत हिरवं झालं.
मी एक रोप मुळासकट उपटलं,
मुळावरची गाठ नखाने फोडली.
आत गुलाबी.
म्हटलं, नत्र ती स्वतः कमावते,
जे कमावता येत नाही ते द्या.

तो हसला नाही. हिशेब मागितला.

एक टन वाळला चारा फाटकाबाहेर गेला
की पंचवीस किलो पालाश त्याच्यासोबत जातं,
स्फुरद सहा-सात.
वर्षाला दहा कापण्या, अशी चार वर्षं.
उलट्या दिशेने काय आलं?
रिकामी पिकअप.

प्रयोगशाळेत ज्योतीत नमुना सोडला
तर भसकन पिवळं.
विहिरीचं खारं पाणी. सोडियम असाच,
चारचौघांत आधी तोच बोलतो.
राहुरीला कुलथे सरांनी दिलेली कोबाल्टची काच
अजून माझ्या पर्समध्ये आहे.
यंत्राला तिची गरज नाही. मला आहे.
डोळ्याला लावली, पिवळं विझलं,
आणि त्याच्यामागे जांभळं काहीतरी,
असून नसल्यासारखं,
पाहुण्यांच्या घरात बोलायला लाजणारी मुलगी.
आकडा नंतर आला.

स्फुरद. नाव कसं, आत्ता उसळेल असं!
आणि इथल्या चुन्याच्या मातीत दोन बोटंही सरकत नाही,
टाकाल तिथे चुन्याच्या गळ्यात पडून बसतं.
म्हणून ते पेरणीआधीच पुरायचं, मुळाच्या वाटेवर.
पालाशचं वेगळं. कापणीमागून थोडं, पुन्हा थोडं,
आणि क्लोराइडचं नको, सल्फेटचं;
खारट ताटात वर मीठ कोण वाढतं?

नव्या वाफ्याच्या मधोमध मोइनुलने सुतळी ताणली.
अलीकडे माझं, पलीकडे मालकाचं.
पलीकडचं आधी हिरवं झालं.
दोन आठवडे अबू हुमैद रोज सुतळीपाशी उभा राहून
मला चहा पाजत होता.
पहिली कापणी सारखीच.
दुसरीला मी वजनं दोनदा घेतली, फरक नव्हता,
रात्री वहीत उगाच बेरजा केल्या.

मग ऑगस्ट.
सत्तेचाळीस अंश, वारा भट्टीतून आलेला.
पलीकडे जागोजागी टक्कल पडलं,
अलीकडे खुंटांना फूट.
ऑक्टोबरच्या कापणीला मोइनुल गठ्ठे मोजताना
बंगालीत मोजू लागला, म्हणजे खूश होता.
एकतीस तिकडे.
इकडे चव्वेचाळीस.

अबू हुमैदने माझ्याकडून काच मागितली,
भर दुपारी डोळ्याला लावून सगळं वावर पाहिलं.
निळंच दिसतंय, म्हणाला.
शेत असं नाही दिसत तिच्यातून, मी म्हटलं.
मग काय कामाची?
काच परत दिली, कंदोऱ्याची कड झटकली,
आणि मोइनुलला विचारलं,
पोती किती लागतील.

संध्याकाळी पिकअप परत आली
ती मागून दबलेली.
सल्फेटच्या पोत्यांवर मोइनुल झोपला होता,
तोंडावर गमछा,
पायात दोन वेगवेगळ्या चपला.